अहवाल आहे, नोंद नाही

२०२५च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या निमित्ताने एका जुन्या पुस्तकाचे नाव महाराष्ट्रभर सगळ्यांच्या तोंडी झाले. २ सप्टेंबरला निघालेल्या शासन निर्णयात ‘हैदराबाद गॅझेटियर’चा आधार होता. पुढे वाहिन्यांवर, सभांत आणि चहाच्या टपरीवर कुणी त्याला ‘हैदराबाद गॅझेट’ म्हणाले, कुणी ‘गॅझेटियर’. ही एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत. गॅझेट म्हणजे राजपत्र. सरकारचे आदेश, नेमणुका, अधिसूचना ज्यात ठरावीक दिवशी छापून येतात ते. गॅझेटियर म्हणजे दर्शनिका. एखाद्या प्रदेशाचा भूगोल, इतिहास, शेती, जातीजमाती, व्यापार यांची एकत्र बांधलेली माहिती. इम्पीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालिकेत हैदराबाद संस्थानावरचा खंड १९०९ साली निघाला. निजाम सरकारचे राजपत्र, ज्याला ‘जरीदा’ म्हणत, ते वेगळे, आणि जनगणनेचे खंड त्याहून वेगळे. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा इथे करायचा नाही. मला त्या गदारोळातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या छापील मजकुरावर लाखो लोकांचे दाखले अवलंबून असणार, तो नेमका कोणता, कोणी छापला, कोणत्या साली, आणि त्याची प्रत आज कुठल्या कपाटात आहे, या चार साध्या प्रश्नांची उत्तरे एका जागी देणारी नोंद सर्वसामान्य वाचकाच्या हाताशी नव्हती.

सरकारने अहवाल छापला, मंत्र्यांनी तो हातात धरून छायाचित्र काढले, की अहवाल प्रसिद्ध झाला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो छापला गेला एवढेच झालेले असते. जो कुणालाही मागता येतो आणि मागितल्यावर सापडतो, तोच प्रसिद्ध झाला म्हणायचा, आणि ते घडते ग्रंथालयाच्या तालिकेत त्याची नोंद झाल्यावर. म्हणून सरकारी प्रकाशनाची नोंद हे छपाईनंतरचे हमालीचे काम नसून प्रकाशनाचाच शेवटचा टप्पा आहे. यापुढे जाऊन मी असेही म्हणेन की, हाती आलेल्या पुस्तकांपुरते ग्रंथालयांनी थांबू नये. जे प्रकाशन निघाल्याचा पुरावा आहे पण प्रत मिळालेली नाही, त्याचीही नोंद त्यांनी ठेवली पाहिजे. ऐकायला हे विचित्र वाटेल. जे आपल्याकडे नाही ते तालिकेत कशाला, असा प्रश्न येईल. पण सरकारी प्रकाशने हरवतात कशी ते पाहिले, तर हाच मार्ग सरळ वाटू लागतो.

खासगी प्रकाशकाला पुस्तक विकायचे असते, म्हणून तो त्याचा गाजावाजा करतो. सरकारी विभागाला अहवाल सादर करायचा असतो. सादर झाला की विभागाच्या दृष्टीने काम संपते. मोजक्या प्रती निघतात, त्या सचिव, मंत्री, संबंधित अधिकारी आणि आमदार यांच्यात वाटल्या जातात. काही प्रकाशने शासकीय मुद्रणालयात छापली जाऊन मुंबईत चर्नी रोडच्या किंवा पुण्याच्या शासकीय ग्रंथागारात विक्रीला येतात. पण पुष्कळशी विभागाने स्वतःच, पूर्वी सायक्लोस्टाइल करून आणि आता प्रिंटरवर, काढलेली असतात. त्यांच्यावर किंमत नसते, प्रकाशन क्रमांक नसतो, कधीकधी सालही नसते. कायदा मात्र आहे. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत, स्वखर्चाने, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथली ठरवून दिलेली ग्रंथालये यांना प्रत पाठवायची आहे. हा कायदा सरकारी प्रकाशनांनाही लागू आहे, फक्त ‘केवळ कार्यालयीन वापरासाठी’ असलेली पुस्तके त्यातून वगळली आहेत. या तीन शब्दांच्या फटीतून किती कागद निसटत असतील याची कल्पना करावी, कारण अमुक पुस्तक कार्यालयीन वापराचे की लोकांच्या उपयोगाचे हे ठरवणार तो विभागच. आणि कायदा मोडल्याची शिक्षा? पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. ज्या अहवालाला किंमतच छापलेली नाही, त्याच्या बाबतीत ही दुसरी रक्कम काय आकारायची हे कायद्यात शोधून सापडत नाही.

प्रत ग्रंथालयात पोचली तरी संकट टळत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथे दोष सरकारचा नसतो, नोंदीचा असतो. मराठवाडा आणि विदर्भाच्या मागासलेपणाची चर्चा निघाली की ‘दांडेकर समितीचा अहवाल’ हे शब्द येतातच. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील ही समिती १९८३ साली नेमली गेली, तिचा अहवाल १९८४ साली आला आणि तीन हजार कोटींहून अधिक रुपयांचा अनुशेष तिने मांडला. ‘अनुशेष’ हा शब्द राजकारणात रुजला तो याच चर्चेतून. आता त्या अहवालाचे शीर्षक पाहा : ‘रिपोर्ट ऑफ द फॅक्ट फाइंडिंग कमिटी ऑन रीजनल इम्बॅलन्स इन महाराष्ट्र’. त्यात दांडेकर नाहीत, अनुशेष नाही, विदर्भ नाही. तालिकेच्या नियमांप्रमाणे लेखकाच्या जागी महाराष्ट्र शासन किंवा त्याची समिती येणार. संस्थेलाही लेखक मानावे हा नियम अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांनी १८७६ साली व्यवस्थित मांडला आणि तो योग्यच आहे, कारण अहवालाची जबाबदारी समितीची असते, एकट्या अध्यक्षाची नव्हे. पण वाचक ‘दांडेकर’ म्हणूनच मागणार. अध्यक्षाच्या नावाची जादा नोंद केली नाही, तर नियम पाळूनही पुस्तक हरवते. आणि नुसते नाव घालूनही भागत नाही. ‘चितळे अहवाल’ मागणाऱ्या वाचकाला विचारावे लागते, कोणता? डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा १९९९चा, मुंबईच्या २६ जुलैच्या पुरानंतरच्या सत्यशोधन समितीचा २००६चा, की सिंचन प्रकल्पांची चौकशी करणाऱ्या विशेष पथकाचा २०१४चा? तिन्ही पाण्याविषयी, तिन्ही महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या मंडळांचे, तिन्ही लोकांच्या तोंडी एकाच नावाचे. चांगली नोंद या तिघांना वेगळे करते आणि वाचकाने कोणतेही नाव उच्चारले तरी त्याला योग्य कपाटापाशी नेऊन सोडते.

त्यात राज्यांची नावे आणि हद्दी बदलत गेल्या. जळगावच्या कापसाविषयी १९२० ते १९७० या काळातली सरकारी कागदपत्रे हवी असतील, तर ती आधी मुंबई इलाख्याच्या, मग मुंबई राज्याच्या आणि १९६० नंतर महाराष्ट्राच्या नावाखाली शोधावी लागतील. यवतमाळच्या कापसासाठी तीच कागदपत्रे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नावाखाली, म्हणजे नागपूरच्या प्रशासनात. परभणीच्या कापसासाठी हैदराबाद संस्थानाच्या नावाखाली, आणि त्यातली कितीतरी उर्दूत. एकाच पिकाचा इतिहास तीन सरकारांत विभागलेला. गोव्याचे तर आणखी निराळे. तिथले पोर्तुगीज राजपत्र १८३७ पासून निघत होते, १९६१ नंतर केंद्रशासित प्रदेशाचे राजपत्र आले आणि १९८७ पासून राज्याचे. विभागांची नावेही तशीच फिरतात. आजचा जलसंपदा विभाग जुन्या अहवालांच्या मुखपृष्ठावर पाटबंधारे विभाग म्हणून भेटतो. तालिकेत ‘पूर्वीचे नाव पाहा’, ‘नंतरचे नाव पाहा’ अशा जोडनोंदी नसतील, तर एका कार्यालयाची प्रकाशने दोन अनोळखी घरांत राहतात आणि संशोधक एकाच घराचे दार ठोठावून परत जातो.

मग न सापडणारे शोधायचे कसे? सरकारी कागद स्वतःच्या खुणा मागे सोडतो, फक्त त्या वाचता आल्या पाहिजेत. महाराष्ट्राचा कोणताही शासन निर्णय समोर घ्या. माथ्यावर विषय, त्याखाली क्रमांक. ‘संकीर्ण’, मग साल, मग ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटी कार्यासनाचे संक्षिप्त नाव. एवढ्यावरून फाइल कोणत्या टेबलावर जन्मली ते कळते. त्याच्या खाली ‘वाचा’ असा शब्द आणि एक क्रमवार यादी, आधीचे निर्णय, परिपत्रके, केंद्राची पत्रे, समित्यांचे अहवाल. बहुतेक वाचक ही यादी ओलांडून थेट मजकुरावर जातात. शोधणाऱ्या ग्रंथपालाने तिथेच थांबायचे असते, कारण ज्या अहवालाचे अस्तित्व आणखी कुठेही नोंदलेले नाही, तो या यादीत तिसऱ्या किंवा पाचव्या क्रमांकावर तारखेसह बसलेला आढळू शकतो. त्या अहवालापर्यंत पोचलो की त्याच्या संदर्भांत आणखी चार नावे. छापील अहवालाच्या शेवटच्या पानावर किंवा मुखपृष्ठाच्या मागे तळाशी मुद्रणालयाची ओळ असते, आणि पुष्कळदा बारीक टायपात छापलेल्या प्रतींची संख्या व महिना-वर्षही. मुखपृष्ठावर साल नसलेल्या अहवालाचे वय त्या एका ओळीवरून ठरते, आणि एकूण प्रती तीनशेच होत्या हेही कळते. म्हणजे हाती आलेली प्रत जपून ठेवायची की जीर्ण म्हणून काढून टाकायची, याचा निर्णयही तीच ओळ देते. याशिवाय विधिमंडळाच्या पटलावर काय ठेवले गेले त्याच्या याद्या आहेत, अर्थसंकल्पी भाषणांतले उल्लेख आहेत, विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संदर्भसूची आहेत आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी ग्रंथालयांना दिलेले खासगी संग्रह आहेत. अशा संग्रहांतून येणाऱ्या पातळ, पुठ्ठा निघालेल्या पुस्तिकांना ‘किरकोळ’ म्हणून गठ्ठ्यात बांधले जाते. हरवलेली प्रकाशने मला वाटते सर्वाधिक त्या गठ्ठ्यांतच असतात.

अमेरिकेत या हरवलेल्या प्रकाशनांना ग्रंथपाल ‘फ्युजिटिव्ह’, म्हणजे फरारी, म्हणतात. तिथे सरकारी प्रकाशने देशभरातल्या हजाराहून अधिक ठरावीक ग्रंथालयांना द्यायची व्यवस्था आहे. तिची मुळे १८१३ पर्यंत जातात आणि १८९५च्या मुद्रण कायद्याने तिला आजचे रूप आले. त्याच वर्षी सरकारी प्रकाशनांची मासिक सूची सुरू झाली. ॲडलेड हासे ही लॉस एंजलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयातली तरुणी तिथल्या सरकारी अहवालांशी झगडत होती. तिने विषयाऐवजी प्रकाशन काढणाऱ्या खात्यानुसार त्यांची मांडणी केली, आणि हीच कल्पना पुढे वॉशिंग्टनच्या सरकारी मुद्रण कार्यालयात वर्गीकरणाचा पाया झाली. शेतीखात्याचे सगळे एका अक्षराखाली, मग त्याचे उपखाते, मग मालिका. खाते माहीत असले की मालिका सापडते आणि मालिकेतला कोणता क्रमांक गहाळ आहे ते रिकाम्या जागेवरून दिसते. ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते, कारण विषयानुसार मांडलेल्या कपाटात न आलेले पुस्तक दिसतच नाही. इतका कायदा, इतका पैसा असूनही तिथेही खाती परस्पर छापतात, परस्पर संकेतस्थळावर टाकतात आणि प्रकाशने व्यवस्थेबाहेर राहतात. म्हणून कोणत्याही ग्रंथपालाने वा वाचकाने ‘अमुक प्रकाशन निघाले आहे, पण तुमच्या सूचीत नाही’ असे कळवावे आणि मुद्रण कार्यालयाने ते मिळवून नोंदवावे, अशी सोय तिथे आहे. न मिळालेल्याची नोंद ठेवणे हे वेडेपण नसल्याचा हा चालता पुरावा आहे. आपल्याकडे पाया अगदीच नाही असेही नाही. कोलकात्याच्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाची भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची १९५८ पासून निघते. पण ग्रंथप्रदान कायद्याखाली जे पोचते तेवढ्यावरच ती उभी राहते. जे पाठवलेच गेले नाही, त्याची सूची करणारे कुणी नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : आता सगळे संकेतस्थळावर असते, तालिका कशाला? शासन निर्णयांच्या बाबतीत यात तथ्य आहे. प्रत्येक निर्णयाला सालापासून सुरू होणारा लांबलचक संकेतांक मिळतो आणि तो टाकला की निर्णय उघडतो. राज्य सरकारने केलेले हे खरोखर चांगले काम आहे. पण समित्यांच्या अहवालांना असा संकेतांक नाही. विभागाचे संकेतस्थळ नव्याने बांधले की जुने दुवे मरतात. अहवाल पानांची छायाचित्रे काढून चढवलेला असला, तर शोधपेटीत ‘अनुशेष’ लिहून काहीच येत नाही. सुरेख किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या फायलींतली देवनागरी शोधयंत्राला अर्थहीन अक्षरे वाटते. फाइलचे नाव ‘फायनल रिपोर्ट’ एवढेच असते. डिजिटल प्रत आणि नोंद यांचे भांडण नाही, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने दाखवले आहे. तिथले जुने सरकारी अहवाल स्कॅन करून शीर्षक, साल, विषय अशा नोंदींसह खुले केले आहेत, म्हणून ते घरबसल्या सापडतात. सापडतात ते नोंदीमुळे. आणि प्रती अनेक ठिकाणी असाव्यात हे तर २१ जून २०१२ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ज्या कागदाची दुसरी प्रत बाहेर होती, तोच पुन्हा उभा करता आला.

दुसरा आक्षेप माहिती अधिकाराचा. हवा तो अहवाल अर्ज करून मागता येतो, मग ग्रंथालयाने धावपळ कशाला करावी? माहिती अधिकाराचा मी मनापासून पुरस्कार करतो, पण अर्जात अहवालाचे नाव लिहावे लागते. जो अहवाल आहे हेच ठाऊक नाही, तो मागणार कोण? शिवाय याच कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपले अभिलेख सूचीबद्ध आणि निर्देशांकित ठेवण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे अर्जाच्या आधी सूची, हा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. मुद्दाम दडवलेल्या अहवालांचे काय, असे कुणी विचारील. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ला केंद्राकडे गेला आणि माहिती आयोग व दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. तिथे ग्रंथपाल काय करणार होता? प्रत मिळवू शकला नसता हे मान्य. पण समिती नेमली, अहवाल सादर झाला, प्रत उपलब्ध नाही, एवढी नोंद तारखांसह करता आलीच असती. विजय केळकर समितीचा प्रादेशिक समतोलावरचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये सादर झाला आणि डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळासमोर आला. मधल्या चौदा महिन्यांची अशीच नोंद कुठल्याही जिल्हा ग्रंथालयाच्या तालिकेत असती, तर दडवादडवीची उघड, सरकारी भाषेतली तारीखवार साक्ष लोकांच्या हाती राहिली असती.

तिसरा आक्षेप सर्वांत जड, कारण त्यात खरी अडचण आहे. ग्रंथालयांत माणसे नाहीत, जागा नाही, आणि यातले बरेचसे कागद क्षुल्लक असतात. क्षुल्लक कोणते हे मात्र त्या दिवशी कळत नाही. सोलापूरला शाळेचे मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी सरकारी आकडेवारीच्या रुक्ष पुस्तकांत बुडालेले असत. १८९७ साली भारताच्या सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दिलेल्या साक्षीमागे त्यांची मेहनत होती. डॉ. आंबेडकरांचा प्रांतिक अर्थव्यवहारावरचा १९२५ साली छापला गेलेला प्रबंध अशाच सरकारी कागदांच्या बारीक वाचनावर उभा आहे. आज अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हावार ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते. एका वर्षाचे समालोचन खरोखर किरकोळ दिसते. चाळीस वर्षांची सलग रांग असेल, तर त्या जिल्ह्यात विहिरी कधी वाढल्या, जोंधळा कधी मागे पडला, शाळा कुठे बंद पडल्या हे सांगणारा दुसरा ग्रंथ नाही, आणि मधले एक वर्ष गहाळ झाले की त्या रांगेत खिंडार पडते. माणसांच्या तुटवड्यावर माझे उत्तर असे की, कुणी साऱ्या राज्याची सूची करू नये. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने फक्त आपला जिल्हा घ्यावा. जिल्हा परिषद, नगरपालिका, जिल्हाधिकारी कार्यालय आणि आपल्या जिल्ह्याविषयी नेमलेल्या समित्या. आठवड्यातून एक दुपार आणि एक वही पुरते. संगणकावरची तक्ता-फाइल असली तर आणखी बरे.

समजा, एका जुन्या शासन निर्णयाच्या ‘वाचा’ यादीत तालुक्याच्या पाणीटंचाईवरच्या एखाद्या अभ्यासगटाचा उल्लेख आला. वहीतली नोंद अशी पडेल : पहिल्या ओळीत राज्य आणि विभागाचे त्या वेळचे नाव. दुसऱ्या ओळीत अभ्यासगटाचे नाव, उल्लेखात जसे असेल तसे, स्वतःचे काही न सुधारता. मग कंसात साल, आणि ते अंदाजाने धरले असल्यास पुढे प्रश्नचिन्ह. त्याखाली अध्यक्षांचे नाव, तालुक्याचे नाव, आणि लोक त्या अहवालाला ज्या नावाने ओळखत असतील ते नाव. पुढे ‘आधार’ म्हणून त्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक. सगळ्यात खाली ‘प्रत पाहिलेली नाही’, पाहणी केल्याची तारीख, आणि दाखल क्रमांकासाठी सोडलेली रिकामी जागा.